तीन दिवस स्वच्छ पाण्यात

बोरतळा, ता. जळकोट
३ मे

चिरंजीव स्वप्नालीस,

जिलानीचाचाकडून आणि चाचीकडून भरभरून दुवा. आम्ही इकडे बरे आहोत. शहजादीचे गुडघे तिचं ऐकत नाहीत आणि शहजादी माझं ऐकत नाही, बाकी सगळं जिथल्या तिथे. तू त्या वसतिगृहातल्या दोनशे पोरींना जेवू घालता घालता स्वतः जेवतेस की नाही, हे चाचीने खास विचारायला सांगितलंय. किनवटला निदान झाडं तरी आहेत. इथे पत्र्याखाली कापूस पिंजायला बसलो की गादी भरायच्या आधी मीच भाजून निघतो.

फोन का करत नाही म्हणून रागावू नकोस. एक तर तुमच्या त्या जंगलात तो लागत नाही. आणि लागलाच तर तुझ्या आवाजात तुझ्या बापाचा आवाज येतो, मग मी हवापाण्याच्या गोष्टी करतो आणि ठेवून देतो. पत्र बरं. पत्रात कुणी मध्येच 'हॅलो' म्हणत नाही.

तुझं पाकीट गुरुवारी मिळालं. आत दोन कागद निघाले, एक मला आणि एक सभेला. सभेचा कागद मी एकदाच वाचला. 'माझे वडील कै. मलप्पा यांच्या हातून बंदी असलेल्या मांगूर माशाचे बीज गावच्या तळ्यात सोडले गेले, त्याबद्दल मी गावाची माफी मागते आणि मच्छीमार संस्थेतला आमच्या घरचा हक्क सोडते.' अक्षर तुझं लहानपणापासूनच छान. तो कागद सभेत मी वाचून दाखवावा, कारण बाबांच्या सगळ्यात जवळचा मी, असं तू लिहितेस. वाचीन. चार ओळी वाचायला काय लागतं. सभा सतरा तारखेला आहे.

बाबा गेल्यापासून तू गावात पाऊल टाकलं नाहीस, म्हणून इकडचं सांगतो. यंदा तळं इतकं आटलंय की मधून जाणाऱ्या जुन्या पाणंदीचे दगड वर आलेत. मत्स्य विभागाने म्हणूनच हे वर्ष धरलं. पाणी थोडं आहे तोवर सगळे मांगूर काढायचे, खड्ड्यात पुरायचे, उरलेलं तळं उन्हात सुकू द्यायचं, आणि पावसाळ्यानंतर संस्थेला पुन्हा ठेका. तीन वर्षं हातावर हात ठेवून बसलेली वीस घरं आता जाळी विणायला बसली आहेत. अट एकच. फॉर्मात एक रकाना आहे, 'बंदी असलेला मासा तळ्यात कसा आला?' तो भरल्याशिवाय विभागाचे साहेब सही करत नाहीत.

संगप्पा आता अध्यक्ष आहे, तुझ्या बाबांच्या जागी. तो मला म्हणाला, "चाचा, रकाना कोरा ठेवला की फाईल लातूरला जाती अन् तिथंच म्हातारी व्हती. पोरीनं लिहून दिलं, लई बरं झालं. मलप्पाकाका तर गेले. त्यांना आता काय फरक पडून राहिला?"

मी मान हलवली. ती कुठल्या बाजूला हलली, ते त्याने त्याच्या सोयीने घेतलं.

चार दिवस झाले, रोज सकाळी जाळं ओढणं चालू आहे. मीही जातो. पिंजाऱ्याचं चिखलात काय काम, म्हणून लोक हसतात. हसू देत. जाळं वर येतं तेव्हा मी बघत असतो, एखादी मरळ दिसेल, एखादी वाम, निदान मूठभर झिंगे. काही नाही. येतो तो एकच मासा, काळा, मिशांचा, अंगाला खवलं नसलेला. सहा वर्षांत त्याने बाकी सगळं खाल्लं. आणि तो पाण्याबाहेर मरतही नाही. काठावर ढीग लागतो तेव्हा सगळ्या ढिगाची तोंडं उघडत-मिटत असतात. हवा पितो तो. त्याचा एक बारीक आवाज येतो.

पुरायचे की खायचे, यावरून पहिल्याच दिवशी जुंपली. संगप्पा म्हणाला, "एवढं मांस मातीत घालायचं? गावाला वाटून टाका, एका आठवड्यात साफ." साहेब तरुण आहेत, पण शांत. ते म्हणाले, "विकायचा नाही हा कायदा. फुकट वाटायलाही मी देणार नाही. जिवंत मासा बादलीत घालून घरी नेला की तो कढईतच जाईल याची हमी कोण देणार? कुणी विहिरीत सोडतो, कुणी हौदात. मग पुन्हा पहिल्यापासून." मी तिथेच उभा होतो. मला तहान लागली म्हणून घरी निघून आलो.

काल एक दीड हात लांबीचा निघाला. वरचा ओठ फाटलेला, जखम जुनी, भरून आलेली. मी खाली बसलो. लोकांना वाटलं ऊन लागलं. ऊनच असेल.

कागद लोखंडी कपाटात नीट ठेवलाय. काळजी करू नकोस. चाची विचारते, शेंगदाण्याची चटणी पाठवू का? एसटीचा एक कंडक्टर ओळखीचा आहे.

तुझा
जिलानीचाचा


बोरतळा
१० मे

स्वप्नाली बेटा,

तुझ्या उत्तराची वाट न बघता दुसरं लिहितोय. मागच्या पत्रात लिहिलं ते सगळं खरं होतं. जे लिहायला बसलो होतो, ते मात्र त्यात नव्हतं.

आधी खड्ड्याचं सांगतो. साहेबांनी बजावलं होतं की माशांवर चुना टाकूनच माती लोटायची. चुन्याची पोती वेळेवर आली नाहीत. मंगळवारी पहिला खड्डा नुसत्या मातीने बुजवला. बुधवारी सकाळी मी तिकडून गेलो तर माती हलत होती. पिठलं रटरटताना जसा इथे एक बुडबुडा येतो, तिथे एक फुटतो, तशी ती जागोजाग वर येत होती आणि खाली बसत होती. गुरुवारी दुपारी चुना पडला. तोवर दोन दिवस मी त्या खड्ड्याभोवती फिरत होतो. घरी आलो की रांजणातून तोच आवाज, हवा पिण्याचा. झाकण काढून बघतो, पाणी. शहजादी म्हणते, "कितींदा बघताव? पाणीच हाय ते." तिने आता रांजण परसात नेऊन ठेवलाय. आवाज घरातच राहिला.

तू माझ्या अम्मीला बडी अम्मी म्हणायचीस. तिच्या मांडीवर बसून भाकरीचा पापुद्रा खायचीस. सहा वर्षांपूर्वी आषाढात ती अंथरुणाला खिळलेली होती. तोंडात एकही दात नव्हता. सहा महिन्यांपासून वरणाच्या पाण्यावर होती. एके दिवशी म्हणाली, मासा खावासा वाटतो.

मी सरळ मलप्पाकडे गेलो. माझ्या घरात मासा म्हणजे तुझ्या बापाच्या जाळ्यातला, दुसरीकडून कधी आलाच नाही. तो दारात बसून जाळं शिवत होता. मी मागितलं आणि तो नाही म्हणाला. "जिलानी, आषाढ हाय. मासा अंड्यावर हाय. माझ्या बापानं आषाढात तळ्यात हात घातला न्हाई, मी बी घालत न्हाई. अम्मीला सांग, श्रावण उतरला की पहिली मरळ तिची." मी चिडलो. श्रावण उतरेपर्यंत अम्मी असेल का, असं बोलून निघून आलो. ते मी बोलायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी बाजारातून मांगूर आणले. एक माणूस प्लास्टिकच्या पिंपात जिवंत घेऊन बसायचा. बंदी-बिंदी मला ठाऊक नव्हती, खरंच नव्हती. मला एवढंच कळलं की याला मधला एक काटा असतो, बाकी सगळं मऊ, दात नसलेल्या माणसाला सोसेल. बारा घेतले, पाहुणे येतील म्हणून. घरी आणले, तर अम्मीने विचारलं, हे काय खाऊन वाढले? मी पिंपवाल्याला विचारलं होतं, तो म्हणाला होता, कोंबडीच्या दुकानातली घाण. मला तिच्याशी खोटं बोलता आलं नाही.

तुला आठवतं, अम्मी दारातली कोंबडी कधी लगेच कापू द्यायची नाही. उकिरड्यावर चरलेली कोंबडी तीन दिवस डालग्याखाली ठेवायची, चांगले दाणे घालायची, मगच बिस्मिल्ला. तोच कायदा तिने माशाला लावला. "तीन रोज साफ पानी में रख," म्हणाली, "उसके बाद खाती मैं." मी म्हटलं, अम्मी, माशाला कुणी असं करतं का? तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

मग मी ते आमच्या पेरूच्या बागेतल्या हौदात सोडले, मोटारीचं पाणी पडतं त्या. बाग तळ्याच्या काठाला. हौदापासून पाणी चाळीस पावलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे पाऊस झाला. उजाडल्यावर गेलो तर हौद काठोकाठ भरून वाहत होता आणि आत पाच मासे होते. हा मासा ओल्या जमिनीवरून सरपटत जातो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आता सगळ्या गावाला माहीत आहे. घरी येऊन शहजादीला सांगितलं, सात चोरीला गेले. तिने 'बरं' म्हटलं आणि मसाला वाटायला घेतला.

अम्मीने त्या दिवशी पोटभर खाल्लं. भात, रस्सा आणि तो मऊ मासा. बोटं चाटली, मला दुवा दिली. नऊ दिवसांनी गेली. ते जेवण आठवलं की मला आजही बरं वाटतं. ही गोष्ट मी कुणाला सांगू शकत नाही, कारण त्याच जेवणाने तळं मेलं.

सात मासे, बेटा. मी स्वतःला सांगितलं, ते पिंपातले, तळ्यात जगणार नाहीत. दोन वर्षांनी ते जाळ्यात यायला लागले. त्याच्या पुढच्या वर्षी अधिकारी आले, ठेका गेला, आणि मारुतीच्या पारावर गाव जमलं. तू तिथे होतीस. सगळ्यांचं एकच म्हणणं, मलप्पाने कुठूनतरी स्वस्तातलं बीज आणलं, त्यात भेसळ होती. तुझा बाप उभा राहिला. "बोटाएवढी पिल्लं मी एकेक नजरेखालून घातली. रोहू, कटला, मृगळ. चवथा मासा नव्हता." कुणी ऐकलं नाही. मग तू बोललीस. तू शिकलेली, आणि तुला हे सगळं लवकर मिटवायचं होतं. "बाबा, झालं असंल तर कबूल करून टाका." तो खाली बसला. मी त्याच्या शेजारी बसलो होतो. माझ्या हातात चहाचा कप होता आणि मी कपात बघत होतो.

का गप्प बसलो? तेव्हा त्या माशाचे व्हिडिओ मोबाईलवर फिरत होते, तो माणूस खातो, मुद्दाम सोडतात, वगैरे. माझ्या नावाने ही गोष्ट सुटली असती तर ती माशाची गोष्ट राहिली नसती. हे कारण खरं आहे. पण ते मला सोयीचंही होतं. खरं एवढंच की मला भीती वाटली, आणि मलप्पा सोशीक होता.

पुढचं तू फोनवर ऐकलंस, मी डोळ्यांनी पाहिलं. तो रोज सकाळी गळ घेऊन बांधावर बसायला लागला. गावात कुणी तो मासा तोंडात घालत नव्हतं, तेव्हा तो म्हणाला, "माझ्या नावावर लागलाय ना, मग मी खाऊन संपवीन." दीड वर्ष. रोज मांगूर आणि ज्वारीची भाकरी. लोक हसायचे. तुला लाज वाटली, तू दिवाळीला यायची थांबलीस. त्याबद्दल मी तुला काही म्हणत नाही, म्हणायचं तोंड मला नाही. मी मात्र त्याच्याकडे जायचो. तो ताट वाढायचा आणि मी खायचो. माझेच मासे, त्याने धरलेले, त्याने शिजवलेले. चांगले लागायचे, हेही लिहून टाकतो.

गेल्या वर्षी जानेवारीत एका सकाळी मी त्याच्यासाठी चहा घेऊन बांधावर गेलो. तो बसलेला होता, पाठ बाभळीला टेकलेली. हात थंड होता. तुला सगळ्यांनी सांगितलं, झोपेत गेल्यासारखा गेला. ते खरं आहे. फक्त त्याच्या मुठीतली दोरी ताठ होती. पाण्यात काहीतरी तिला ओढत होतं. मी दोरी सोडवून घेतली आणि ओढली. मोठा मांगूर होता, जिवंत. गळ काढताना त्याचा ओठ फाटला. मारायचा होता. माझ्याने मारवला नाही. मी तो परत पाण्यात सोडला आणि मग लोकांना हाक मारली.

मागच्या आठवड्यात जाळ्यात निघाला तो तोच. तोच होता असं मला वाटतं. खड्ड्यात टाकताना त्याचं तोंड माझ्याकडे होतं.

तुझा कागद मी वाचणार नाही. या पत्रासोबत परत पाठवतोय. फाडायचा की ठेवायचा ते तू ठरव, पण माफी तू मागायची नाहीस. सतरा तारखेला मी उभा राहीन आणि माझं सांगीन. रकान्यात माझं नाव लिहायला लावीन. तू ये, असं म्हणत नाही. येऊ नकोस, असंही नाही.

चटणी पाठवली आहे. ती चाचीने केली आहे, तिचा यात काही दोष नाही, म्हणून खा.

जिलानीचाचा


बोरतळा
१८ मे

स्वप्नाली,

तुझं पत्र आलं नाही, फोनही नाही. यायलाच हवं असं काही नाही. काल सभा झाली, ती कळवणं मला भाग आहे.

संस्थेच्या शेडमध्ये पन्नासेक माणसं होती. संगप्पाने फॉर्म पुढ्यात घेतला, पेनचं टोपण काढलं आणि म्हणाला, "चाचा, पोरीचा कागद वाचा." मी उभा राहिलो आणि कागद न काढता बोलायला लागलो. अम्मीपासून सुरुवात केली. बाजार, पिंप, बारा मासे, तीन दिवस, पाऊस, पाच मासे. पाराचं सांगितलं, कपात बघत होतो तेही सांगितलं.

मला वाटलं होतं लोक उठतील, शिव्या देतील, निदान कुणीतरी कॉलर धरेल. मी त्याची तयारी करून गेलो होतो. शहजादीला सांगून गेलो होतो की उशीर झाला तर घाबरू नकोस.

तसं काही झालं नाही. कुणीतरी मला पाणी आणून दिलं. संगप्पा हळूच म्हणाला, "चाचा, तुमची अन् मलप्पाकाकाची दोस्ती सगळ्या गावाला ठाव हाय. पण मेल्या माणसासाठी आपल्या गळ्यात कशाला अडकवून घेऊन राहिलाव? बसा. घाम बघा किती आलाय." बाकीचे माना हलवत होते. एक म्हातारी पदर डोळ्याला लावत होती. मी मित्रासाठी खोटं बोलतोय, असं त्यांना वाटलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी गावासमोर खरं बोललो आणि गावाने मला मोठ्या मनाचा ठरवलं. संगप्पाने पुन्हा पेन उचललं आणि तो रकान्यात तुझ्या बापाचं नाव लिहायला लागला. 'म' लिहून झाला होता.

तेव्हा मला दुसरी गोष्ट सांगावी लागली. तुला पत्रात लिहिली नव्हती. दहा तारखेला सगळं लिहिलं, असं मला वाटलं होतं, पण एवढी एक मागे ठेवली होती. मी म्हणालो, "मलप्पाला माहीत होतं. जाण्याआधी चार दिवस त्यानं मला तोंडावर बोलून दाखवलं होतं. मी तवाबी गप बसलो."

मग माना हलायच्या थांबल्या. आपली इतकी लाज कुणी खोटी सांगत नाही, हे त्यांना कळलं असावं. संगप्पाने तो 'म' खोडला. शिवप्पा, तुझ्या बाबांबरोबर जाळं ओढणारा, माझ्या शेजारी बसला होता. तो म्हणाला, "तीन वर्सं मी ऊसतोडीला गेलो, जिलानी." एवढंच बोलला आणि उठून पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन बसला. बाकी कुणी माझ्याशी बोललं नाही. संगप्पाने माझं पूर्ण नाव विचारून लिहून घेतलं, जसं काही तो मला ओळखतच नाही. मी सही केली. तुमच्या घरचा हक्क संस्थेत आहे तसाच राहिला, आणि तळं संस्थेला मिळेल असं साहेब म्हणतात. माझं पुढे काय करायचं, ते वरचे लोक कळवतील.

उरलेल्या डबक्यात शंभरेक मासे आहेत. त्यांचं काय, म्हणून पुन्हा विषय निघाला. खाऊ, असं या वेळी कुणीच म्हणालं नाही. उद्या पुरतील. चुना आलेला आहे.

आता सभेत जे सांगितलं नाही ते. हे फक्त तुला.

ते जानेवारीतलं दुपारचं जेवण होतं. तुझ्या घरच्या पडवीत. त्याने मांगूरचा रस्सा केला होता, मी दुसरी भाकरी मोडत होतो. तो एकदम म्हणाला, "जिलानी, त्या आषाढात मी तुला न्हाई म्हनलो, ते मला लई लागलं. दोन दिस झोपलो न्हाई. तिसऱ्या दिवशी पहाटं पावसात तळ्यावर गेलो अन् एक मरळ धरली. अंड्यावरची. बापाचा नेम मोडला. अम्मीसाठी ती घेऊन तुझ्या बागेतून येत व्हतो."

मी त्याच्याकडे बघितलं नाही. तो बोलत राहिला. "हौदापशी चिखलात रेघा व्हत्या, तळ्यापर्यंत. हौदात डोकावलो, पाच मासे. समजलो. कुणी बघितलं असतं तर ते पाच बी उचलून नेले असते अन् अम्मीच्या तोंडचा घास गेला असता. मी पायानं रेघा पुसल्या. मरळ पाण्यात सोडून दिली. म्हनलं सात-आठ तर हायत, श्रावणात धरून टाकीन. न्हाई सापडले." मग त्याने विचारलं, "अम्मीनं पोटभर खाल्लं ना?"

मी म्हणालो, "हाव."

"मग झालं," तो म्हणाला.

रेघा पुसल्याचं मी सभेत बोललो नाही. ते ऐकून लोक म्हणाले असते, म्हणजे त्याचाही हात होता. होता, माझ्या आईसाठी होता. ती गोष्ट तुझ्या बापाची आहे, आता तुझी. गावाला सांगायची की नाही, हे मी ठरवणार नाही. त्याच्या वतीने खूप काही ठरवून झालंय माझं.

आणि शेवटचं. 'मग झालं' म्हणाल्यावर त्याने घास घेतला नाही. हात ताटावर तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिला. मी बोलावं म्हणून थांबला होता. उद्या दोघं मिळून पारावर जाऊ, एवढं जरी मी म्हटलं असतं तर तो उठून चप्पल घालून तयार झाला असता, मी त्याला ओळखतो. तो कशासाठी थांबलाय, ते मला तेव्हा कळलं नाही असं म्हणायची सोय नाही. कळलं होतं.

मी म्हणालो, रश्शात मीठ कमी पडलंय.

तो उठला, आत गेला आणि मीठ घेऊन आला. मला वाढलं, आपल्या ताटात घेतलं नाही.

तुझा चाचा म्हणून सही करायला हात धजत नाही. काल फॉर्मावर केली तीच करतो.

जिलानी इमामसाब पिंजारी